वरळीचे बेडूक आणि सातवा दिवस

१८४७ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात रिचर्ड ओवेन या नामवंत शरीररचनाशास्त्रज्ञाने मुंबईच्या एका बेडकाचं वर्णन प्रसिद्ध केलं. बेडूक चिमुकला होता. वरळीच्या टेकडीच्या पोटातल्या पापुद्र्यापापुद्र्यांच्या काळसर खडकात तो चपटा होऊन दगड झाला होता, आणि त्याच थरात त्याचे अनेक भाईबंद पहुडलेले होते. ओवेनने त्याला 'राना पुसिला' असं नाव दिलं. आजचे शास्त्रज्ञ त्याला 'इंडोबॅट्रॅकस' म्हणतात. पाच वर्षांनी, १८५२ मध्ये, मुंबईतच नोकरीला असलेल्या हेन्री कार्टर या डॉक्टरने या बेटाच्या भूरचनेवर सविस्तर निबंध लिहिला. वरळीच्या त्याच थरातून गोड्या पाण्यातल्या एका कासवाचे अवशेषही मिळाले होते.

हे बेडूक तिथे पोचले कसे, हे समजून घेण्यासारखं आहे. मुंबईची बेटं बहुतांशी लाव्हाची आहेत. लाव्हाचा एक लोट आला, थंडावला, त्याच्या खोलगट भागात पावसाचं पाणी साचून तळं झालं. तळ्यात गाळ बसत गेला, वनस्पती वाढल्या, बेडूक आणि कासवं आली, त्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या जगल्या आणि मेल्या. मग पुन्हा लाव्हा आला आणि सगळं झाकून गेला. वर बसाल्ट, खाली बसाल्ट आणि मध्ये एका मेलेल्या तळ्याचा गाळ. ही गोष्ट सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीची आहे. तो आकडा कार्टरच्या पिढीला ठाऊक नव्हता. पण एवढ्या घडामोडींना काही दिवस किंवा काही शतकं पुरणार नाहीत, हे खडक वाचणाऱ्याला तेव्हाही दिसत होतं.

वरळीहून चारेक मैलांवर, गिरगावातल्या अंब्रोलीत, त्याच काळात बायबल शिकवलं जात होतं. १८२९ मध्ये मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन तिथे शाळा चालवत होते, मराठीत प्रवचनं करत होते, शास्त्रीपंडितांशी जाहीर वाद घालत होते. त्यांच्या हातातल्या ग्रंथाचं पहिलं पुस्तक 'उत्पत्ती', आणि त्याच्या पहिल्याच अध्यायात देव सहा दिवसांत आकाश, पृथ्वी, झाडं, तारे, प्राणी आणि माणूस निर्माण करतो. विशेष म्हणजे कार्टरचा निबंध ज्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेने छापला, तिचे विल्सन काही वर्षं अध्यक्ष होते. सहा दिवस आणि दगडातला बेडूक एकाच गावात, एकाच पिढीच्या टेबलावर येऊन पडले होते. उत्पत्तीचा अध्याय कसा वाचायचा हा प्रश्न म्हणून मुंबईला परका नाही. इथल्या माणसांनी तो वेगवेगळ्या वाटांनी सोडवून पाहिला आहे, आणि त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी वाट गिरगावातून निघून परळ-लालबागकडे जाते.

आधी मूळ मजकूर पाहू, कारण त्याच्याविषयी बोलणारे पुष्कळ आणि तो सावकाश वाचणारे कमी.

सुरुवातीला अंधार आहे आणि अथांग पाणी आहे. पहिल्या दिवशी देव बोलतो आणि प्रकाश होतो. उजेड आणि काळोख वेगळे होतात. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी आणि खालचं पाणी यांच्यामध्ये आकाशाचा घुमट उभा राहतो. तिसऱ्या दिवशी कोरडी जमीन वर येते आणि तिच्यावर वनस्पती उगवतात. चौथ्या दिवशी सूर्य, चंद्र आणि तारे. पाचव्या दिवशी मासे आणि पक्षी. सहाव्या दिवशी जनावरं आणि शेवटी माणूस, स्त्री आणि पुरुष एकाच वेळी, देवाच्या प्रतिरूपाचे. सातव्या दिवशी देव थांबतो, विसावतो, आणि तो दिवस पवित्र ठरवतो.

पान उलटल्यावर दुसऱ्या अध्यायात ही गोष्ट नव्याने सुरू होते आणि तिचा क्रम निराळा आहे. इथे पृथ्वी पाण्याने भरलेली नाही, उलट कोरडी आहे. पाऊस पडलेला नाही आणि मशागतीला कुणी नाही. देव मातीतून माणूस घडवतो, त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो, मग बाग लावतो, मग प्राणी घडवतो, आणि अखेरीस त्या माणसाच्या फासळीतून स्त्री. पहिल्या कथेत झाडं आणि प्राणी माणसाआधी आहेत, दुसरीत माणूस त्यांच्या आधी. पहिल्या कथेतला देव दूर उभा राहून शब्दाने जग उभारतो. दुसऱ्या कथेतला देव हात मातीने भरवून घेतो. देवाला हाक मारण्याची नावंसुद्धा दोन कथांत वेगळी आहेत. बहुतेक अभ्यासक या दोन वेगळ्या परंपरा मानतात. पहिली पुरोहितवर्गाची, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आसपासची. दुसरी बहुधा अधिक जुनी. ज्यांनी ग्रंथ सिद्ध केला त्यांना हा फरक दिसला नसेल, असं मानणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. त्यांनी दोन्ही कथा शेजारी शेजारी ठेवल्या, एकमेकींशी जुळवून घेण्यासाठी एकीचीही छाटणी केली नाही. घटनांचा क्रम नोंदवणं हाच हेतू असता तर असं कुणी केलं नसतं.

मग चौथ्या दिवसाचं कोडं. सूर्य चौथ्या दिवशी आला, तर त्याआधीची तीन संध्याकाळ आणि तीन सकाळ कशाने मोजली? पुष्कळांना वाटतं हा आक्षेप विज्ञानाने आणला. प्रत्यक्षात तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिजेन या ख्रिस्ती पंडितानेच तो विचारला होता आणि शहाण्या माणसाने हे अक्षरशः घेऊ नये असं मत दिलं होतं. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन पाचव्या शतकाच्या सुरुवातीला या अध्यायावर मोठा ग्रंथ लिहीत होता. त्याचं म्हणणं, देवाने सारं एकाच क्षणी निर्मिलं आणि हे दिवस आपल्या चोवीस तासांच्या दिवसांसारखे नाहीत. त्याने आपल्याच धर्मबांधवांना एक कडक समजही दिली: आकाश, तारे, प्राणी यांविषयी अन्यधर्मीय माणसालाही अनुभवाने आणि गणिताने पुष्कळ कळतं, तिथे शास्त्राचा हवाला देऊन अडाणीपणाने बोललात तर हसं त्या शास्त्राचं होईल. अकराव्या शतकात फ्रान्समधला थोर यहुदी भाष्यकार राशी याने तर पहिल्या ओळीवर लिहितानाच सांगून टाकलं की हा मजकूर निर्मितीचा क्रम शिकवायला आलेला नाही.

क्रम शिकवायचा नाही, तर मग दिवसांची ही मांडणी कशासाठी? सहा दिवस तीन-तीनच्या दोन ओळींत लावून पाहा. पहिल्या तीन दिवसांत जागा तयार होतात: उजेड-काळोख, आकाश आणि पाणी, जमीन. पुढच्या तीन दिवसांत त्या जागांतले रहिवासी येतात: उजेड-काळोखात सूर्यचंद्र, आकाशात पक्षी आणि पाण्यात मासे, जमिनीवर जनावरं आणि माणूस. पहिल्या दिवसाची जोडी चौथ्याशी, दुसऱ्याची पाचव्याशी, तिसऱ्याची सहाव्याशी. सूर्य चौथ्या दिवशी येतो तो या रचनेमुळे. सातवा दिवस मात्र कुणाच्याच जोडीला नाही. तो एकटा उभा आहे, आणि सगळी मांडणी त्याच्याकडे तोंड करून आहे. ही गोष्ट लक्षात ठेवावी. तिच्याकडे परत यायचं आहे.

या जुन्या वाचकांची नावं घेताना दुसरी बाजू लपवणं बरोबर नाही. शतकानुशतकं असंख्य ख्रिस्ती माणसांनी सहा दिवस म्हणजे सहाच दिवस असं मानलं. मार्टिन ल्यूथरने तसंच मानलं. आयर्लंडचा आर्चबिशप जेम्स अशर याने १६५० मध्ये बायबलमधल्या वंशावळ्या आणि राजांची वर्षं जुळवून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये ठरवला. त्या काळी हाताशी असलेल्या साधनांनिशी ते प्रामाणिक विद्वत्तेचं काम होतं. अडचण आली ती खडकांनी, अठराव्या शतकाच्या अखेरीपासून.

अंब्रोलीत शिकवणारे स्कॉटिश लोक या अडचणीला नवखे नव्हते. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च निघालं आणि विल्सन व त्यांचे सहकारी त्यात गेले. त्या फ्री चर्चचे अग्रणी टॉमस चामर्स यांनी कितीतरी आधीपासून सांगितलं होतं की पहिलं वाक्य आणि पुढचं वर्णन यांच्यामध्ये हवा तेवढा काळ गेलेला असू शकतो. खडकांचं सारं युग त्या फटीत मावेल. त्याच चर्चचा पत्रकार आणि भूशास्त्रज्ञ ह्यू मिलर याने दुसरा मार्ग काढला: एकेक दिवस म्हणजे एकेक दीर्घ युग. त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १८५७ मध्ये निघालं. त्याच वर्षी फिलिप गॉस या इंग्रज निसर्गअभ्यासकाने तिसराच तोडगा सुचवला. आईच्या पोटी न जन्मलेल्या आदामाला बेंबी असेल, तर देवाने जगही आधीच जुनं दिसेल असं, दगडातल्या जीवाश्मांसकट बनवलं असेल. धार्मिक आणि शास्त्रीय अशा दोन्ही वर्तुळांनी तो नाकारला, आणि ठीकच केलं. वरळीचे बेडूक कधी जगलेच नाहीत, देवाने ते तसे कोरून ठेवले, असं म्हणणं म्हणजे देवाला खोटा साक्षीदार ठरवणं.

श्रद्धा आणि खडक दोन्ही प्रामाणिकपणे सांभाळण्याचं महाराष्ट्रातलं सर्वांत सुंदर उदाहरण नागपूरचं आहे. स्टीफन हिस्लॉप हेही फ्री चर्चचे मिशनरी. नागपुरातलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. शाळा आणि प्रवचनं सांभाळून हा माणूस टाकळीच्या आसपास हातोडा घेऊन हिंडायचा, लाव्हाच्या थरांमधले शिंपले आणि झाडांच्या पानांचे ठसे गोळा करायचा. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर त्यांनी नागपूरच्या भूशास्त्रावर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये लंडनला छापून आला. रविवारी उत्पत्ती शिकवणं आणि सोमवारी करोडो वर्षांपूर्वीचं पान दगडातून अलगद सोडवणं, या दोन्हींत त्यांनी आयुष्य घातलं. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळची शिळावर्तुळं पाहून परतताना ते नदीच्या पुरात बुडाले.

तरीही मला चामर्सची फट आणि मिलरची युगं दोन्ही अपुरी वाटतात. दोघेही प्रामाणिक होते, पण दोघांनीही हा अध्याय भूशास्त्राच्या वर्गात बसवला आणि मग त्याला तिथे कसंबसं उत्तीर्ण करून घेतलं. युगांच्या हिशेबातही झाडं सूर्याच्या आधीच उरतात आणि पक्षी जमिनीवरच्या जनावरांच्या आधी.

मुंबईतल्या जाहीर वादांतही हीच गफलत दोन्हीकडून झाली. १८३० पासून विल्सन आणि पंडितांचे वाद रंगले. १८३१ मध्ये मोरभट दांडेकरांनी 'हिंदुधर्मस्थापना' लिहिली, विल्सननी पुढच्या वर्षी उत्तर दिलं. १८५७ च्या जानेवारीपासून मेपर्यंत गिरगावच्या चौपाटीवर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्या सभा भरत. समोर वाळूत मोठा जमाव असे. अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी त्या सभांचा वृत्तान्त इंग्रजीत छापला. मिशनऱ्यांचं एक आवडतं हत्यार म्हणजे पौराणिक भूगोल: मेरू पर्वत कुठे आहे, दुधाचा समुद्र दाखवा, नकाशा घ्या आणि बोट ठेवा. शाळेतला पृथ्वीचा गोल हाच पुराणांवरचा खटला होता. पण ज्या कसोटीने मेरू पडतो त्याच कसोटीने आकाशाचा घुमट आणि त्याच्या वरचं पाणीही पडतं. पुराणाला नकाशा म्हणून वाचायचं आणि आपल्या ग्रंथाला मात्र उदारपणे वाचायचं, हे न्यायाचं नव्हतं.

ऑगस्टीनसारखा शहाणपणा मराठीत तेव्हा दाखवला तो सीहोरच्या सुबाजी बापूंनी. त्यांनी १८३६ मध्ये 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' हा मराठी ग्रंथ लिहिला. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी गणिताने सिद्ध केलेली गोल पृथ्वी हीच खगोलाच्या बाबतीत आपली खरी परंपरा आहे, पुराणांना तिथे ओढू नये, अशी त्यांची भूमिका होती. ते हिंदूच राहिले आणि पुराणांनाही सोडलं नाही. कुठला ग्रंथ कशासाठी उघडायचा, एवढंच त्यांनी ठरवलं.

यापूर्वी दोनशे वर्षं गोव्यात टॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने, कदाचित पुरतं न जाणता, मोठी मदत करून ठेवली होती. १६१६ मध्ये राचोलच्या छापखान्यातून निघालेलं त्यांचं 'क्रिस्तपुराण' सुमारे अकरा हजार ओव्यांचं आहे. पहिल्या पुराणाचा आरंभ सृष्टीच्या उत्पत्तीपासून होतो. स्टीफन्स सहा दिवस खरेच मानत असणार. सतराव्या शतकातल्या पाद्रीकडून दुसरी अपेक्षा नाही. पण त्यांनी ही कथा मराठी माणसाच्या कानात ओवीच्या चालीवर, पुराण म्हणून घातली. पुराण कसं ऐकायचं हे आपल्याकडे शिकवावं लागत नाही. पुराणिकाला मध्येच थांबवून कुणी तारीख विचारत नाही. ऐकणारा कान लावतो तो जगात आपली जागा कोणती, हे कळावं म्हणून. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाला असाच श्रोता हवा होता.

मुंबईतला आणखी एक वाचक मात्र अगदीच अनपेक्षित आहे. मराठीचे आद्य व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर, जन्म १८१४, परमहंस सभेचे प्रमुख प्रेरक. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत ते इमॅन्युएल स्वीडनबोर्ग या अठराव्या शतकातल्या स्वीडिश तत्त्वज्ञाच्या ग्रंथांत बुडून गेले आणि त्यांवर त्यांनी इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं. ते १८७८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालं. दादोबा ख्रिस्ती झाले नाहीत. एका हिंदू गृहस्थाचं मनन म्हणूनच त्यांनी ते लिहिलं. स्वीडनबोर्गने उत्पत्ती आणि निर्गम या दोन पुस्तकांवर आठ खंडांचं भाष्य लिहिलं होतं. त्याच्या मते सहा दिवस माणसाच्या आत घडतात. सुरुवातीचा अंधार म्हणजे अजाण मन, पहिला प्रकाश म्हणजे आपल्यापलीकडे काही आहे ही जाणीव, आणि असं पायरीपायरीने सहाव्या दिवशी खरा माणूस तयार होतो. अध्यात्मरूपकांच्या परंपरेत वाढलेल्या मराठी मनाला हे का भावावं, ते सांगायला नको. मला या वाचनाचं सौंदर्य मान्य आहे, पण त्यात एक धोका आहे. सूर्य म्हणजे हे आणि मासे म्हणजे ते, असं एकदा सुरू झालं की मजकूर कशालाही हो म्हणतो. आणि ज्यांनी तो लिहिला ती घाम गाळणारी, हरलेली, परमुलुखात नेलेली माणसं त्यातून नाहीशी होतात.

त्या माणसांकडे वळू. इसवी सनापूर्वी ५८७ च्या सुमारास बाबिलोनच्या सैन्याने जेरुसलेम उद्ध्वस्त केलं आणि यहुदी लोकांना पकडून नेलं. पहिल्या अध्यायाला आजचं रूप या काळाच्या छायेत आलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. बाबिलोनमध्ये त्यांच्या कानावर जेत्यांची सृष्टिकथा येत असणार. ती आपल्याला कळली १८७६ मध्ये, जॉर्ज स्मिथने निनवेहून आणलेल्या मातीच्या विटांवरचा मजकूर वाचून छापला तेव्हा. तिच्यात मार्दुक देव तियामत या सागरदेवतेला मारतो आणि तिच्या अर्ध्या शरीराचं आकाश करतो. मग एका बंडखोर देवाच्या रक्तातून माणूस बनवला जातो, तो देवांच्या वाटचं काम करण्यासाठी.

त्याहून जुनी अत्राहासिसची कथा आणखी बोलकी आहे. आधी धाकटे देवच कालवे खणत होते. काम असह्य झालं तेव्हा त्यांनी अवजारं जाळली आणि मोठ्या देवाच्या वाड्याला रात्री वेढा घातला. गिरणगावात वाढलेल्या माणसाला या प्रसंगाला काय म्हणायचं ते लगेच कळेल: संप आणि घेराव. तोड काय निघाली? माणूस निर्माण करायचा आणि टोपली त्याच्या खांद्यावर द्यायची. देव विश्रांती घेतील, माणूस राबेल.

आता उत्पत्तीचा पहिला अध्याय पुन्हा वाचा. इथे युद्ध नाही, रक्त नाही. बाबिलोनमध्ये पुजले जाणारे सूर्य आणि चंद्र इथे नावानेही येत नाहीत. ते नुसते मोठा दिवा आणि लहान दिवा, दिवस मोजायला टांगलेले. पूर्वेकडच्या राज्यांत देवाचं प्रतिरूप असण्याचा मान राजाचा असे. इथे तो प्रत्येक माणसाला मिळतो, स्त्रीलाही. आणि सातव्या दिवशी देव थांबतो, पण आपलं उरलेलं काम माणसावर टाकून नाही. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात त्याची आज्ञा होते: देव सातव्या दिवशी विसावला म्हणून तूही काम करू नकोस, आणि तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, तुझ्याकडे राहणारा परका यांनीही करू नये. बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात हीच आज्ञा पुन्हा येते, पण कारण बदलतं. तिथे सृष्टीचा उल्लेख नाही. तू मिसरात गुलाम होतास हे आठव, आणि म्हणून तुझ्या दासदासींना विसावा दे. एकाच सुट्टीची दोन कारणं: जगाची उत्पत्ती आणि वेठबिगारीची आठवण. हा अध्याय पृथ्वीचं वय सांगायला बसलेला नाही. माणूस कशासाठी आहे, आणि त्याच्या अंगमेहनतीवर कुणाचाही संपूर्ण हक्क चालू शकत नाही, याविषयी तो बोलतो. हे एकदा दिसलं की वरळीच्या बेडकाशी त्याचं भांडण उरत नाही.

एक टीका खरी आहे आणि ती टाळू नये. याच अध्यायात माणसाला पृथ्वीवर सत्ता दिली आहे, आणि त्या वाक्याच्या आधाराने निसर्गाची लूट झाली असा आरोप अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ मध्ये केला. दुसऱ्या अध्यायात मात्र माणसाला बागेत ठेवलं जातं ते मशागतीला आणि राखणीला. दोन्ही कथा शेजारी ठेवणाऱ्या संपादकांचा इथे उपयोग होतो. 'सुबोध बायबल'चे लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईची शेती आणि पाणी वाचवण्यासाठी लढ्यात उतरले, ते धर्मगुरू असूनही नव्हे, धर्मगुरू होते म्हणूनच.

आज सहा दिवस चोवीस तासांचेच आणि पृथ्वी काही हजार वर्षांचीच, असं आग्रहाने सांगणारी पुस्तकं मुंबईतही मिळतात. त्यांचं आजचं मूळ बरंचसं १९६१ मध्ये अमेरिकेत निघालेल्या व्हिटकॉम आणि मॉरिस यांच्या जलप्रलयावरच्या पुस्तकात आहे. तो सूर जुना आणि एकमेव वाटतो, तसा तो नाही.

सातव्या दिवसाचं सर्वांत जुनं मराठी वाचन तर पुस्तकाविनाच झालं. कोकणात अलिबाग, पेण, पनवेल, रेवदंड्याच्या गावांत बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवत. त्यांच्याजवळ ग्रंथ उरला नव्हता, हिब्रू विसरली होती, बोली मराठी होती. पण शनिवारी घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनिवार तेली. ते मुंबईत आले, १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मांडवीत सिनेगॉग बांधलं, विल्सननी १८३२ मध्ये त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं, आणि १८८० च्या सुमारास ते बायबलच्या कथांवर मराठी कीर्तनं करू लागले. ग्रंथ त्यांना परत मिळाला तो फार पुढे. त्याआधी पिढ्यान् पिढ्या त्या अध्यायाचा शेवट त्यांनी थांबलेल्या घाण्याच्या रूपाने सांभाळला होता.

परळ-लालबागच्या गिरण्यांत तेव्हा पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत काम चाले. सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत, कारण साहेबाचा आठवडा सहा दिवस काम आणि एक दिवस विसावा याच जुन्या हिशेबाने चाले. गिरणीत मात्र ज्यांचा घाम त्यांना तो विसावा नव्हता. चौपाटीवर मेरू आणि सहा दिवसांवर वाद करणाऱ्यांपैकी कुणाला यात धर्माचा प्रश्न दिसल्याचं आढळत नाही. तो उचलला जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी. 'दीनबंधु'चे संपादक असलेल्या लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजारांच्या सह्यांच्या अर्जातली पहिली मागणी रविवारच्या सुट्टीची होती. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि वेळेवर पगार या त्यापुढच्या. रविवार हा खंडोबाचा वार आहे, असंही त्यांनी मालकांपुढे मांडल्याचं सांगितलं जातं. तसं असेल तर बाबिलोनच्या बंदिवासातून निघालेला एक दिवस जेजुरीच्या मल्हारीच्या नावाने मागितला गेला, आणि मागणाऱ्याला त्यात काही विसंगत वाटलं नाही.

मालकांनी सहा वर्षं दाद दिली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याची सुट्टी कारखान्यांत सक्तीची केली, आणि ती पुरुष, स्त्रिया, मुलं या सर्वांना लागू झाली.